चाकामागचा दगड

राहुलचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत लसूण सोलत बसले होते. राहुल माझा भाचा, धाकट्या भावाचा एकुलता एक मुलगा. तळेगावच्या कारखान्यात असतो आणि कामाच्या वेळेत कधी फोन करत नाही. ‘‘आत्या, तू घरीच आहेस ना?’’ त्यानं विचारलं. म्हटलं, ‘‘मी कुठं जाणार? बोल.’’ मग म्हणाला, ‘‘पप्पा तुझ्या लोणावळ्यातच आहेत. दवाखान्यात. मला तिथून फोन आला. तू पुढं हो, मी निघालोय.’’ मी विचारलं, ‘‘कसा आहे?’’ त्यावर त्यानं जे उत्तर दिलं ते मला आजही लिहवत नाही. माझ्या गॅलरीतून त्या दवाखान्याची पाण्याची टाकी दिसते. भाऊ तिथं गेला, आणि मी इथं लसूण सोलत होते.

सापडल्या त्या चपला पायात घालून मी धावले. दवाखान्याचा रस्ता चांगला चढाचा आहे, आणि त्या चढावरच, आवाराच्या कडेला, मला पहिली दिसली ती त्याची गाडी. आनंदाची पांढरी, चौकोनी, जुनी जपानी गाडी. काचा वर केलेल्या, दारं लॉक केलेली, पुढची चाकं भिंतीकडे वळवलेली. आणि मागच्या चाकाला टेकवून ठेवलेला तो काळा दगड. माणूस छातीत कळ घेऊन आलेला, आणि त्यानं डिकी उघडून, वाकून, तो धोंडा चाकामागं लावला होता! मी तिथंच खाली बसले. दवाखान्यातले लोक सांगत होते की ते चालत आले, दारात नाव सांगितलं, बाकावर बसले आणि कलंडले. मला मात्र त्या दगडानंच सगळं सांगून टाकलं होतं.

हा दगड काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. आनंदा माझ्याहून धाकटा. मी शिकून मास्तरीण झाले, लोणावळ्यात राहिले; तो पवनानगरच्या घरीच राहिला. त्याचं मन पुस्तकात कधी रमलं नाही. मिसरूड फुटायच्या आत तो पवनानगर-कामशेत मार्गावर वडापची, वाटेत माणसं भरत नेणारी जीप चालवायला लागला. कोंबलेली माणसं, वर टपावर भाताची पोती, हँडब्रेक असून नसल्यासारखा. एकदा धरणाजवळच्या उतारावर जीप उभी करून हा चहाला गेला, आणि जीप आपली आपण मागं निघाली. खाली एक म्हातारबा कट्ट्यावर बिडी ओढत बसले होते. जीप एका बाभळीला अडली म्हणून ते वाचले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. म्हातारबांनी तर हसून बिडी पुढं केली. पण आनंदा त्या दिवशी घरी आला तो पांढराफटक. जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पवनेच्या पात्रातून एका बाजूनं सपाट असा काळा दगड निवडून आणला, आणि पुढं गाड्या बदलल्या, मालक बदलले, दगड तोच राहिला. चढ असो, उतार असो, आमच्या अंगणासारखी सपाट जमीन असो, गाडी थांबली की चाकामागं दगड. त्यात पद्धत अशी की शेजारच्या सीटवर बसेल त्यानं उतरून दगड लावायचा आणि निघताना त्यानंच उचलायचा. यात लहानमोठा भेद नव्हता. मी मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली बाई, मला नवी साडी नेसून लग्नाला नेलं तरी हा म्हणायचा, ‘‘अक्का, दगड.’’

ही जपानी गाडी त्याच्या आयुष्यात आली ती आधी दुसऱ्याची म्हणून. वडाप सुटल्यावर तो लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्या शेठकडे ड्रायव्हर लागला, आणि शेठनी ही नवीकोरी घेतली. शेठना ती कधी फारशी आवडली नाही. म्हणायचे, ‘‘आनंदा, ही गाडी म्हणजे सरकारी नोकरी आहे रे. पगार चुकत नाही, पण मजा काय?’’ मध्ये काही महिने एका कारखान्यात आलेल्या एका जपानी साहेबासाठी शेठनी गाडी आणि आनंदा दोघांनाही भाड्यानं दिलं. साहेबाचं इंग्रजी मोडकं, ह्याचं त्याहून मोडकं. पण खिंडीतून जाता-येता दोघांचं काहीतरी जमलं, आणि तिथून आनंदानं ती गोष्ट आणली, जी त्यानं मरेपर्यंत प्रत्येक पॅसेंजरला ऐकवली.

गोष्ट अशी की ही गाडी बनवणाऱ्यांचा मूळ धंदा गाड्यांचा नव्हताच. ते कापड विणायचे माग बनवत. घराण्याचा जो मूळ पुरुष, तो सुताराचा पोर. त्यानं असा माग काढला की विणता-विणता एक धागा जरी तुटला तरी माग आपोआप थांबायचा. त्याच्या मुलानं पुढं गाड्या काढल्या, पण बापाची रीत सोडली नाही. कारखान्यात गाडी जोडताना कुणालाही, अगदी साध्या कामगारालाही, काही चुकतंय असं वाटलं तर तो दोरी ओढून सगळं काम थांबवू शकतो. ‘‘धागा तुटला की थांबायचं, अक्का. रेटायचं न्हाई. रेटलं की सगळं कापड वाया.’’ हे सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा जणू मागाशी हाच बसला होता. त्यात तो पदरचा मीठमसाला घालायचा ते निराळं. कधी त्या सुताराच्या आईचे विणून-विणून डोळे गेलेले असत, कधी ती रात्रभर खोकत असे. मी म्हणायचे, ‘‘मेल्या, तुला कोण सांगायला आलं होतं तिच्या खोकल्याचं?’’ तर म्हणायचा, ‘‘तू इतिहास शिकवायचीस तवा शिवाजी महाराज आलते का सांगायला?’’

शेठचं वय झालं, मुलांनी मोठ्या गाड्या घेतल्या, आणि ही त्यांनी आनंदाला दिली. दारात आली त्या दिवशी शेजारच्या दत्तूभाऊनं मोठ्या प्रेमानं लिंबं आणली, चारी चाकांखाली ठेवायला. आम्ही बौद्ध. आमच्याकडे त्रिशरण-पंचशील घेतलं, बाबासाहेबांच्या फोटोला फुलं वाहिली, झालं. पण दत्तूभाऊचं मन कसं मोडायचं? आनंदानं चारी लिंबं उचलली, बायकोच्या, शकूच्या हातात दिली आणि म्हणाला, ‘‘टायरखाली घालून नासायची कशाला? सरबत कर. दत्तूला पयला गिलास.’’ दत्तूभाऊ सरबत पिऊन वर म्हणाला, ‘‘आता नजर लागली तर मला सांगू नको.’’ आणि दोघंही किती हसले होते...

गाडीबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं, आणि आनंदाला ती सगळी पाठ. भाड्यानं बसणारी, पवनेच्या कडेला तंबूत राहायला येणारी मुंबई-पुण्याची पोरं विचारायची, ‘‘काका, ॲव्हरेज काय देते?’’ राहुल म्हणायचा, ‘‘पप्पा, ह्यात साधी स्क्रीन नाही, म्हाताऱ्यांची गाडी आहे.’’ शकूला मागच्या सीटवर मळमळायचं. मला पायरी उंच व्हायची. वाटेत तसलीच गाडी दिसली की हा दिवा मारून थांबवणार, खाली उतरणार, आणि दोघं अनोळखी मालक रस्त्याच्या कडेला एकमेकांच्या गाडीभोवती फिरत बोलणार. पार्ट महाग आहेत पण लागतातच कधी, हे वाक्य तर मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की माझंही पाठ आहे. चांगली चालत असताना कंपनीनं हे मॉडेल बंद केलं, त्याचा मात्र ह्याला राग होता. म्हणायचा, ‘‘चालतंय तेच बंद करत्यात. न्हाई चालत ते बरं ऱ्हातंय.’’ मी एकदा चिडवलं, ‘‘एवढा तुझा जपान्यांवर विश्वास, मग दगड कशाला रे?’’ त्यावर गंभीर होऊन म्हणाला, ‘‘अक्का, ब्रेक जपानी हाय. पण उतार मावळातला हाय.’’

ती गाडी खरोखर कधी बंद पडली नाही. ऑइल वेळेवर, सर्व्हिसिंग वेळेवर. जुन्या गाडीचं पासिंग करून घ्यावं लागतं, तेही त्यानं गेल्या हिवाळ्यात धावपळ करून उरकलं आणि पेढे घेऊन माझ्याकडे आला. जिना चढून आला तर दम लागला होता. मी म्हटलं, ‘‘आनंदा, गाडीचं झालं, आता तुझं पासिंग कधी?’’ तर पेढा माझ्या तोंडात कोंबून म्हणाला, ‘‘माझं इंजिन पण जपानी हाय.’’ ...मूर्ख. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

त्या सकाळचं मला शकूनं सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं, आनंदाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर. माणसं पांगली होती, बौद्धाचार्य गेले होते, आणि आम्ही दोघी चुलीपाशी बसलो होतो. ती भाकऱ्या थापत होती तेव्हा हा आत येऊन म्हणाला, पित्त झालंय, छातीत जळजळतंय, लोणावळ्याला दाखवून येतो. ती म्हणाली, राहुलला फोन करते. नको म्हणाला, त्याची पाळी चालू असंल. मग दत्तूभाऊला हाक मारते, तो चालवंल, असं ती म्हणाली. त्यालाही नको. म्हणाला, गाडी हाय की! शकू उठली, निदान दगड तरी मी उचलते म्हणून. तर हा दारातून म्हणाला, ‘‘बस. तुझे हात पिठाचे हायेत.’’ स्वतः वाकला, दगड उचलला, डिकीत ठेवला आणि गेला. दुधिवरे खिंडीचा सगळा चढ, ती वळणं त्यानं एकट्यानं कशी काढली असतील... शेजारची सीट रिकामी होती. माझ्या गल्लीच्या तोंडाशी येताना तो नेहमी दोनदा हॉर्न वाजवायचा, उतरायचं नसलं तरी. त्या दिवशी वाजला नाही. खालच्या दुकानदारानं त्याला जाताना बघितलं. म्हणाला, ‘‘बाई, भाऊ सरळ पुढं बघत होते.’’

मला दुःखाच्या आधी राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. जन्मभर जगाला सांगत फिरलास ना, धागा तुटला की थांबायचं? मग तुझा तुटला तेव्हा तू कसा रेटलास रे? एकदा फक्त हॉर्न वाजवायचा होता. खिंडीत गाडी बाजूला घ्यायची होती. एखाद्या पोराला हात दाखवायचा होता. त्या पट्ट्यातला प्रत्येक जीपवाला तुला आनंदाभाऊ म्हणून ओळखत होता. पण गाडीवर एवढा भरवसा की स्वतःसाठी दुसऱ्याला हाक मारायची सवयच गेली. चांगली गाडी माणसाला असंही करते, हे कुठल्या मालकानं मला कधी सांगितलं नव्हतं.

शकूचा राग वेगळा होता. तिनं पहिल्या आठवड्यापासून एकच धोशा लावला, गाडी विका. राहुलनं दवाखान्यातून गाडी घरी आणली तेव्हा सवयीनं दगडही उचलून आणला आणि अंगणात चाकामागं लावला. ते बघून ती किंचाळली. ‘‘त्यो धोंडा घरात आनलास? त्यानं खाल्लं माझं मानूस! नदीत टाक आधी.’’ राहुलला काही तो टाकवला नाही. मी गाडीच्या बाजूनं भांडले. म्हटलं, शकू, त्याचा जीव होता त्या गाडीत, निदान वर्ष तरी जाऊ दे. ती म्हणाली, ‘‘तुमाला बरं हाय, अक्का. तुमी लोणावळ्यात ऱ्हाता. मला रोज दार उगडलं की तीच दिसती. वाटतं, आलंच आता हे.’’ मी मनातून तिच्यावर रुसले. गाडी जाणार म्हणजे तो दुसऱ्यांदा जाणार, असं मला वाटत होतं.

मृत्यूच्या दाखल्यासाठी मला पुन्हा त्या दवाखान्यात जावं लागलं. भर दुपार होती. चढावर, जिथं त्याची गाडी उभी होती तिथं, दुसरी कुणाची तरी उभी होती, आणि तिच्या मागं, उताराला, झाडाच्या सावलीत पेशंटची माणसं सतरंज्या टाकून बसली होती. एक बाळंतिणीची आई डबा उघडत होती. दोन पोरं लोळत होती. मी तिथल्या वॉचमनला विचारलं, ‘‘हे लोक रोज इथंच बसतात का?’’ तो म्हणाला, ‘‘सावली तेवढीच आहे मॅडम. सकाळपासून बसतात.’’ मग मला दिसलं की आनंदानं गाडी लावली तेव्हा आरशात त्याला काय दिसलं असेल. छातीत कळ होती, शेजारची सीट रिकामी होती, आणि खाली माणसं बसली होती. कट्ट्यावरच्या त्या म्हातारबांसारखी.

मला वाटलं, हे शकूला सांगितलं तर तिचा राग उतरेल. दुसऱ्याच दिवशी जीपनं पवनानगरला गेले आणि तिला सगळं सांगितलं. ती ताटातले तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. म्हणाली, ‘‘म्हाईत हाय मला, अक्का. त्या दिवशी दवाखान्यात आले तवाच बघितलंय मी, कोन बसलंवतं खाली ते. राग त्येचाच हाय.’’ मग ताटाकडे बघतच, ‘‘समद्यांची मान्सं दिसली त्येंना आरशात. घरी पिठाच्या हातानं मी बसलेवते, ती मी न्हाई दिसले.’’ मी तिच्याजवळ बसून तांदूळ निवडायला लागले.

गाडी घ्यायला आंबी गावचा माणूस आला. कारखान्याच्या पाळ्यांना कामगार नेण्या-आणण्यासाठी हवी होती. चांगला होता, नीट बोलला, इंजिनाचा आवाज ऐकूनच खूश झाला. ‘‘ह्या गाडीला मरण नाही,’’ असं म्हणाला आणि मग जीभ चावली. आनंदा बुटका. तो सीट अगदी पुढं ओढून, पाठीमागं शकूच्या जुन्या लुगड्याची घडी ठेवून चालवायचा. ह्या माणसानं बसताच खालचा खटका ओढला, आणि सीट सरकन मागं गेली. गाडी घरी आणताना राहुलनंसुद्धा अवघडून बसून ती तशीच ठेवली होती, नंतरही कुणी तिला हात लावला नव्हता. लुगड्याची घडी त्यानं काढून राहुलच्या हातात दिली. मी तोंड फिरवलं. शकू दारात उभी होती, तिच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही.

गाडी काढायची वेळ झाली. त्या माणसाबरोबर आलेला त्याचा मेव्हणा मागं गेला आणि त्यानं पायानं दगड बाजूला लोटला. वाईट हेतूनं नाही, कुणीही लोटला असता. पण शकू कडाडली, ‘‘पाय नका लावू!’’ तो बिचारा दचकून मागं सरला. ती पायऱ्या उतरून आली, वाकली, दोन्ही हातांनी दगड उचलला आणि कमरेवर घेऊन उभी राहिली. आंबीवाला काचेतून म्हणाला, ‘‘मावशी, ठेवायचा असला तर ठेवा डिकीत, लागंल आम्हाला.’’ ती म्हणाली, ‘‘न्हाई. तुमी निघा.’’ गाडी वळली, रस्त्याला लागली. वळणावर दोनदा हॉर्न वाजला. समोरून म्हशी येत होत्या, म्हणून वाजवला असेल. आम्ही तिघंही तरी तिकडंच बघत राहिलो.

परवा पुन्हा गेले होते. आता जीपनं जाते, कोंबून बसते, पायरी तिथंही उंचच आहे. अंगणात गाडीच्या जागी तेवढाच चौकोन अजून वेगळा दिसतो, तेलाचे दोन डाग आहेत. आणि दगड होता तिथंच, मागचं चाक यायचं त्या जागेवर. शकू अंगण झाडत होती. दगडापाशी आली की खराटा वळवून त्याच्या भोवतीनं झाडत होती. मला वाटलं, बाईला रोज आडवा येतोय, भिंतीकडेला सरकवून ठेवावा. पदर खोचला, वाकले आणि दगडाला हात घातला. हाताला सवय होतीच.

‘‘ऱ्हाऊ द्या, अक्का,’’ ती न बघताच म्हणाली. ‘‘निघायचं असलं तरच उचलायचा असतो. मला कुटं जायाचंय?’’